घडीचा कॅमेरा ओळखायचा आहे, आत फिल्मही दिसते

काळं_चामडं
जुन्या सामानात एक घडीचा कॅमेरा निघाला आहे. बाहेरून काळं चामडं. झाकण पाडलं की भात्यासकट लेन्स पुढे येते. लेन्सच्या कड्यावर 'नोव्हार-अनास्टिग्माट १:६,३' आणि 'एफ = १०,५ सेंमी' असं कोरलंय. शटरवर 'डेर्व्हाल' हे नाव आणि बारीक चिन्हात ए, जी, सी ही तीन अक्षरं. वेगासाठी टी, बी आणि पुढे तीनच आकडे. म्हणजे हा अ‍ॅग्फाचा 'डेर्व्हाल' समजायचा का? पाठीवरच्या लाल काचेत ५ दिसतोय. अजून उघडलेला नाही. पुढे काय करू?

लाल_काच
पाठ अजिबात उघडू नका. ओळख उद्याही पटेल, पण उजेड लागलेली फिल्म परत मिळत नाही.

५ दिसतोय म्हणजे आत रोल आहे आणि निदान चार फोटो काढलेले असणार. आधी लाल काचेवर काळी टेप लावा. ती काच जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मसाठी होती, त्या फिल्मला लाल उजेड कळत नाही. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला कळतो आणि मागचा कागद विरला असेल तर डाग पडतात.

आता मंद उजेडात, टेपचं टोक जरासं उचलून, चावी बाणाच्या दिशेने फिरवा. अगदी हळू. जोरात गुंडाळलं तर कोरड्या हवेत स्थिर वीज तयार होते आणि फिल्मवर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा उमटतात. ६, ७, ८ गेले की टेप पुन्हा दाबा आणि चावी एकदम हलकी पडेपर्यंत फिरवत राहा. कागद पूर्ण सुटला की पाठ उघडा, गुंडाळी सैल होऊ न देता चिकटपट्टी लावा आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये बांधा.

चावी अडली तर जोर लावू नका. फिल्म ठिसूळ होऊन तुटलेली किंवा कागदाला चिकटलेली असते. मग पूर्ण अंधाऱ्या खोलीत उघडून हातानेच काढायची.

भाता
आता ओळख. चूक नेहमीची आहे: शटरवरचं नाव शटरचं, लेन्सवरचं नाव लेन्सचं. कॅमेऱ्याचं नाव तिसरीकडेच असतं. ए-जी-सी म्हणजे अ‍ॅग्फा नव्हे, ते आल्फ्रेड गाउथियर या शटर बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह. प्रोंटोर शटर त्यांचंच, आणि ते कितीतरी कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर बसलेलं सापडतं. म्यूनिकच्या डेकेलचं कोम्पुरही तसंच.

नोव्हार मात्र उपयोगी खूण आहे. ही लेन्स त्साइस इकॉन या जर्मन कंपनीच्या स्वस्त घडीच्या कॅमेऱ्यांवर सर्रास असे. १०.५ सेंमी नाभीय अंतर म्हणजे बहुतेक ६×९ आकाराची फ्रेम. ७.५ असतं तर ६×६ किंवा ४.५×६ म्हटलं असतं. त्साइस इकॉन चामड्यावरच मॉडेलचा क्रमांक दाबून छापत असे. टॉर्च चामड्याला जवळजवळ आडवी धरा आणि पाठीवर, कडेवर, पट्ट्याजवळ शोधा. सरळ उजेडात ते आकडे दिसतच नाहीत. छापलेला रंग उडाला तरी दाब राहतो.

काळं_चामडं
सापडला! पट्ट्याजवळ ५१५/२. दुसऱ्या बाजूला डी.आर.पी. असंही आहे. फिल्म सुखरूप निघाली, फॉइलमध्ये आहे. रीळ लाकडी, टोकाच्या चकत्या धातूच्या.

भाता
मग शंका नाही, त्साइस इकॉन नेटार ५१५/२. शेवटचा /२ म्हणजे ६×९, /१६ असता तर ६×६. फिल्म १२० या आकाराची, म्हणजे आजही मिळणारी. चकतीचा व्यास मोजा: साधारण २५ मिमी भरला तर १२०, २३ च्या आसपास आणि मधला दांडा बारीक असेल तर कोडॅकचं ६२०.

डी.आर.पी. म्हणजे जर्मन राइखचं पेटंट. सेंटीमीटरमधला आकडा, फ्लॅशची जोडणी नसणं, हे सगळं दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काळाकडे बोट दाखवतं. लेन्स दिव्याखाली तिरकी धरा. प्रतिबिंबं पांढरीच दिसली तर भिंगावर चकाकी कमी करणारा लेप नाही, निळसर-जांभळी दिसली तर लेन्स नंतरची.

लाल_काच
फिल्म साध्या रंगीत फिल्मच्या यंत्रात घालू देऊ नका. कृष्णधवल असेल तर हाताने धुवायला सांगा. वर्षानुवर्षं पडून फिल्मवर धुकं चढतं, ते दाबायला डेव्हलपरमध्ये थोडं बेंझोट्रायझोल घालतात. रीळ हातात घेतल्यावर उग्र वास आला किंवा ते चिकट लागलं तर फिल्मचा पाया नायट्रेटचा असल्याचा संशय धरा आणि उष्णतेपासून लांब ठेवा. तो पाया भडकन पेटतो.

काळं_चामडं
कॅमेरा पुन्हा वापरता येईल का?

भाता
आधी भाता तपासा. अंधारात पाठ उघडून आत टॉर्च लावा आणि बाहेरून घड्यांचे कोपरे बघा. भोकं जवळजवळ नेहमी कोपऱ्यातच पडतात, सुईच्या टोकाएवढी. दोन-चार असली तर काळा लवचीक कापडी रंग चालतो, पण जाड थर दिला की भाता नीट मिटत नाही.

शटरच्या पात्यांवर तेल सोडू नका. ते पसरतं, पाती चिकटतात आणि मग सगळं खोलावं लागतं. टी वर एकदा दाबल्यावर उघडं राहतं का, दुसऱ्यांदा मिटतं का, आणि बी वर बोट उचललं की मिटतं का, एवढं बघा.

फोकस पुढच्या भिंगाच्या फिरण्यावर चालतो. कडं घट्ट असलं तर पूर्ण उघडायच्या आधी पेन्सिलने खूण करा, नाहीतर अनंताची (खूप लांबच्या फोकसची) जागा हरवते. हरवलीच तर फिल्म जिथे टेकते त्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून लावा, शटर टी वर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. लांबच्या झाडाची किंवा इमारतीची कड कागदावर तीक्ष्ण दिसेपर्यंत भिंग फिरवा आणि तिथे कड्याचं अनंताचं चिन्ह जुळवून स्क्रू आवळा.