शक्तिपीठ महामार्ग : विरोध केवळ मोबदल्यासाठी नाही

‘मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गालाही आधी विरोध झाला, पुढे मोबदला मिळताच तो मावळला’ हा आपण दिलेला दाखला, देवीची शक्तिपीठे जोडण्यासाठी आखलेल्या नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला सरसकट लागू होत नाही, असे मला वाटते. पवनार ते पत्रादेवी अशा सुमारे 802 किलोमीटरच्या आणि 12 जिल्ह्यांतून जाणाऱ्या मूळ आखणीतील कोल्हापूर-सांगलीचा पट्टा बागायती आहे, तिथली जमीनधारणा बहुतांशी एक-दोन एकरांची आहे, आणि मिळणाऱ्या मोबदल्यात विहिरीची बारमाही पिकाऊ जमीन दुसरीकडे घेणे जवळपास अशक्य असते. त्यातच 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या पंचगंगेच्या खोऱ्यात रस्त्याचा उंच भराव पाणी अडवील, ही भीती निव्वळ भावनिक म्हणता येणार नाही. भरावाऐवजी किती लांबीचा उड्डाणमार्ग करणार, हे आधी नकाशावर दाखवायला हवे. शिवाय नागपूर-रत्नागिरी राष्ट्रीय महामार्ग यांपैकी बऱ्याच जिल्ह्यांतून जात असताना नव्या आखणीची गरज वाहतुकीच्या आकड्यांवरच सिद्ध व्हावी. (देवीच्या दर्शनाला सहापदरी रस्ता हवा, अशी मागणी निदान आमच्या गावच्या भाविकांनी कधी केली नव्हती.) 2024 च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापुरातले भूसंपादन थांबवायचे आणि 2025 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पाला मंजुरी द्यायची, या क्रमामुळे तर उरलासुरला विश्वासही गेला.