दात येताना तुमच्या बाळात काय दिसलं? सोलापूरच्या आईबाबांनो, लिहा

"दाताचं असेल गं, होतं असं." थोरलीच्या वेळी तीन दिवसांत हे इतक्या जणींनी सांगितलं की शेवटी मीही तेच म्हणायला लागले. एप्रिलचा शेवट, बाहेर ४३ अंश, नळाला पाचव्या दिवशी पाणी आणि आठ महिन्यांची पोर दिवसातून नऊ-दहा वेळा पातळ शी करत होती. खालच्या हिरडीवर पांढरी रेघ दिसत होती, म्हणून कुणाला दुसरी शंकाच आली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची टाळू खोल गेली. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. दुपारपासून लंगोट कोरडाच आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. रात्री सलाइन लावावं लागलं. डॉक्टरांनी एकच विचारलं, "पाणी कुठलं पाजता?" पिंपातलं. चार दिवस साठवलेलं, न उकळलेलं. दात त्याच आठवड्यात वर आला, पण जुलाब त्याचे नव्हते.

आता धाकटा पाच महिन्यांचा आहे. लाळ गळतेय, मूठ सारखी तोंडात, आणि घरात पुन्हा तेच वाक्य सुरू झालंय. म्हणून विचारतेय. तुम्ही दात कशावरून ओळखला आणि कशाला दात समजून बसलात, दोन्ही लिहा. ऐकीव नको, आपल्या लेकरात जे दिसलं तेच.
– दोन लेकरांची आई, जुळे सोलापूर

*

माझ्या मुलाची लाळ तिसऱ्या महिन्यात सुरू झाली. रोज पाच-सहा लाळेरी भिजायची. सगळे म्हणाले आता आलेच दात. पहिला दात अकराव्या महिन्यात आला! डॉक्टरांनी सांगितलं की तीन-चार महिन्यांत लाळ वाढतेच, आणि ती गिळायला बाळ अजून शिकलेलं नसतं. हनुवटीवर मात्र लाल पुरळ उठायचं. मऊ कापडानं नुसतं टिपायचं, चोळायचं नाही, आणि झोपताना खोबरेल तेलाचं बोट. एवढ्यानं भागलं.
– होटगी रोड

*

आमचं घर पूर्व भागात, सासरी तेलुगू बोलतात. सासूबाई घरीच विड्या वळतात. सूप मांडीवर, शेजारी पानं, तंबाखू. मुलगा सात महिन्यांचा, नुकता रांगायला लागला होता. एका दुपारी त्याला दोनदा उलटी झाली, अंगाला घाम, चेहरा पांढरा पडला. "पळ्ळु" म्हणाल्या त्या, म्हणजे दात. मला राहवलं नाही म्हणून त्याचं तोंड उघडून बोट फिरवलं, तर टाळूला तंबाखू लागलेलं पानाचं तुकडं चिकटलेलं. तसंच उचलून दवाखान्यात पळालो. संध्याकाळपर्यंत त्यांनी ठेवून घेतलं, देवाच्या दयेनं सावरला.

या वयात दात येवोत न येवोत, हाताला लागेल ते तोंडातच जातं. आता सूप खाटेवर असतं आणि सासूबाई साबणानं हात धुतल्याशिवाय नातवाला हात लावत नाहीत. त्यांना कुणी बोललं नाही. त्यांनाच इतकं लागलं की दोन दिवस जेवल्या नाहीत.
– अशोक चौकाजवळून

*

बाप लिहितोय, चालेल ना? मी टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. पोरगी दिवसा माझ्याकडेच असायची, त्यामुळं मलाच आधी कळलं. खांद्यावर घेतली की खांदा चावायची. दात नसताना चावणं म्हणजे हिरड्यांनी करकचून दाबणं. दूध पिताना मध्येच सोडून रडायची, झोप तुटक झाली. साबणानं हात धुऊन हिरडीवर करंगळी फिरवली तर मधोमध कडक लागलं, आणि बोट ठेवल्यावर ती एकदम गप्प झाली. तिला तेवढंच पाहिजे होतं.

मग मी काय केलं, टेरी नॅपकिनचा कोपरा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवायचा, पिळायचा, फ्रिजमध्ये अर्धा तास. बर्फाच्या कप्प्यात नाही, तिथं दगड होतो. तो कोपरा ती चघळत बसायची. रोज हजार टॉवेल हाताखालनं जातात, पण त्याचा असा उपयोग तेव्हाच कळला. दात दिसल्यावर चार दिवसांत पोरगी पहिल्यासारखी.
– अक्कलकोट रोड

*

कडक भाकरीबद्दल मला लिहायलाच हवं, कारण आपल्याकडे ती सर्रास देतात. नऊ महिन्यांच्या मुलाच्या हातात मीच दिली होती, हिरड्या शिवशिवत होत्या म्हणून. खालचे दोन दात आले होते, तेवढ्यांनी त्यानं कड तोडली. तुकडा घशात. आवाज बंद, ओठ निळसर. शेजारच्या ताई नर्स आहेत, त्यांनी त्याला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळहातानं थापट्या दिल्या. चौथ्या थापटीला तुकडा बाहेर. नंतर त्यांनी आमच्या वाड्यातल्या सगळ्या बायांना ते शिकवलं. गाजराचं, काकडीचं कच्चं तुकडंही तसंच अडकतं. काही चघळायला दिलं तर समोरून उठू नका.
– बाळे

*

मी आजी हाय. माझ्या नातवाला वरचे दात आधी आले. आमच्यात म्हणत्यात मामाला जड असतंय. मी सुनेच्या भावाला फोन करून सांगितलं, जपून गाडी चालव म्हणून. सून रडायली, तिची आई तिकडं अक्कलकोटात घाबरली. दातांच्या डॉक्टरणीला विचारलं तर ती म्हणाली, आजी, बऱ्याच लेकरांना खालचे आधी येतात, काहींना वरचे, त्यात दोष नाही. मामा चांगला ठणठणीत हाय, गड्ड्याच्या जत्रेत भाच्याला खांद्यावर घेऊन फिरला. सुनेला उगीच रडवलं त्याचं मला वाईट वाटतंय, म्हणून लिहायला लावलं नातीला.
– आजी, मोहोळ

*

मी अंगणवाडीत काम करते. वस्तीत "दाताचे जुलाब" हा शब्द मी रोज ऐकते आणि रोज त्याच्याशी भांडते. दात येताना मी पाहिलेलं: लाळ, हिरडी लाल आणि फुगलेली, चावाचाव, चिडचिड, एखाद-दुसरी वाईट रात्र, खाणं थोडं कमी. अंग किंचित कोमट लागू शकतं. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर तो दातांवर ढकलायचा नाही. वारंवार पातळ जुलाब, उलट्या, अंगभर पुरळ, यांचं कारण दुसरं असतं.

मग हे सगळं नेमकं दातांच्या वेळीच का होतं? कारण सहाव्या महिन्याच्या आसपास आईकडून मिळालेली रोगांविरुद्धची ताकद ओसरते, वरचं खाणं सुरू होतं, उष्टावण होतं, रांगणं येतं, आणि त्याच सुमारास दातही येतात. दात दिसतो, जंतू दिसत नाहीत. आपल्या शहरात पाणी दिवसाआड सुद्धा येत नाही, साठवणं कुणाला चुकलंय? पण बाळाचं पाणी वेगळं उकळा, झाका, वगराळ्यानं काढा. जुलाब लागलेच तर अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण.

अजून एक. हिरडी बधिर करणारी जेल दुकानातून परस्पर आणू नका. त्यातल्या बेन्झोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी तसा इशारा दिला आहे. आणि लाळेबरोबर ती पाच मिनिटांत निघूनच जाते.
– अंगणवाडी सेविका

*

पुढचे दात सोपे गेले, दाढांनी रडवलं. पंधराव्या महिन्यात हिरडीवर निळसर फुगा आला, मला वाटलं काही लागलं की काय. दाताच्या वर साचलेलं पाणी आणि रक्त असतं म्हणे, फोडायचं नाही. आठवडाभरात दाढ आली, फुगा गेला. वीस दुधाचे दात पुरे व्हायला अडीच-तीन वर्षं लागतात, तेव्हा आयांनो, दम धरा.
– विजापूर रोड

*

आत्ताच वाचलं सगळं. माझी मुलगी आठ महिन्यांची. कालपासून १०१ ताप, उजवा कान सारखा ओढते, आडवी केली की किंचाळते. खाली दात टोचतोय हे हाताला लागतंय. सासरे म्हणतात दात आला की उतरेल. थांबू का?
– नवी पेठ

थांबू नका. मी थांबले होते. आजच दाखवा. दात येताना कान ओढतात हे खरं, पण ताप आणि आडवं केल्यावर रडणं वेगळं आहे.
– जुळे सोलापूर (सुरुवात केली ती मीच)

दाखवलं. कानात पू झालाय. पाच दिवसांचं औषध दिलंय. काल रात्री पहिल्यांदा सलग झोपली. आणि आज सकाळी पेज भरवताना चमचा तोंडात आपटला तर 'टिक' वाजलं. सासऱ्यांनी चमचा माझ्या हातून घेतला आणि पुन्हा एकदा वाजवून ऐकला.
– नवी पेठ