टंगस्टन ऑक्साइडची निळाई पूर्ण उतरतच नाहीये

फिल्मवाली:
आयटीओ काचेवर (म्हणजे इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीज वाहणारा थर असलेली काच) स्पटरिंगने, म्हणजे निर्वातात थर चढवून, केलेली टंगस्टन ऑक्साइडची फिल्म आहे, व्होल्ट दिल्यावर रंग बदलणारी; जाडी ३०० नॅनोमीटरच्या आसपास. प्रॉपिलिन कार्बोनेटमध्ये १ मोलर लिथियम परक्लोरेट, समोर प्लॅटिनमची तार, संदर्भाला सिल्व्हर क्लोराइड. उणे १ व्होल्टला मस्त गडद निळी होते, अधिक १ ला उतरते. आधी काच स्वच्छ व्हायची, आता कितीही थांबलं तरी निळसर झाक राहतेच. रंग आणखी चढतो का बघायला मध्ये उणे १.५ पर्यंतही नेलं होतं. शिवाय रंग वायरच्या क्लिपपाशी आधी येतो, खालच्या कडेला बऱ्याच उशिराने. फिल्म गेली का?

ऑक्साइडवाला:
गेली नसावी. लिथियम अडकलंय असं दिसतंय. उणे बाजूला आयटीओकडून इलेक्ट्रॉन आणि द्रवातून तितकेच लिथियम आयन आत शिरतात. काही टंगस्टन अणूंची संयुजा सहावरून पाचवर येते. इलेक्ट्रॉन तिथून शेजारच्या टंगस्टनवर उडी मारताना लाल प्रकाश खातो, म्हणून फिल्म निळी दिसते. उलट व्होल्टला दोघांनीही बाहेर पडायला हवं, पण काही लिथियम खोलवर रुतून बसतं.

डोळ्यांवर विसंबू नका, चार्ज मोजा: आत किती कूलोम गेले, बाहेर किती आले. त्याआधी द्रवातून अर्धा तास आर्गॉन सोडा, नाहीतर विरघळलेला ऑक्सिजन उणे बाजूला चार्ज खाईल आणि आकडे उगाच फुगतील.

उणे १.५ चा नाद सोडा. तिथे आयटीओचंच क्षपण होऊ शकतं, आणि तो तपकिरी डाग परत जात नाही. नुसती आयटीओ काच त्याच व्होल्टला लावून बघा, लगेच कळेल. क्लिपचं म्हणाल तर तो आयटीओचा रोध. वरच्या कडेला, द्रवाच्या बाहेर, पूर्ण रुंदीभर तांब्याची पट्टी चिकटवा.

निकेलप्रेमी:
द्रवातलं पाणीही तपासा. परक्लोरेट हवेतली ओल पटकन धरतं आणि पाण्यात ही फिल्म हळूहळू विरघळते. पुढे काच-काच जोडून रंग बदलणारी खिडकी करायची असेल तर समोर निकेल ऑक्साइड घ्या. ते ऑक्सिडेशनने तपकिरी होतं, म्हणजे दोन्ही बाजू एकदमच गडद होतात.

फिल्मवाली:
नुसती आयटीओ उणे १ ला स्वच्छ राहिली, १.५ ला तपकिरी पडली. आर्गॉन सोडूनही आत गेलेला चार्ज पूर्ण बाहेर येत नाही. अडकलेलं लिथियम काढता येतं का?

ऑक्साइडवाला:
येतं. स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ते दाखवलं: अगदी कमी स्थिर प्रवाह, रंग उतरवायच्या दिशेने, कित्येक तास. व्होल्ट नेहमीच्या मर्यादेच्या बरंच वर चढतं, त्यामुळे थोडा द्रवही बिघडू शकतो. झाल्यावर तो ओतून ताजा घ्या. पण तुमची हीच काच १.५ ला गेली होती ना? मग आधी रंग नीट बघा. झाक निळी असेल तर हे करून पाहा, तपकिरी असेल तर नवी काच घ्या.