ड्राफ्टच्या दिवशीचे निर्णय : सॅक्रामेंटो किंग्जच्या चाहत्यांचे अनुभव

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याचा दिवस, जवळ आला की सॅक्रामेंटो किंग्जच्या चाहत्यांमधले जुने वाद नव्याने पेटतात. २००६ नंतर सलग १६ हंगाम हा संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, पोहोचला नाही; मागे पडलेल्या संघांना आधी निवडायला मिळते, त्यामुळे जवळजवळ दरवर्षी त्याला ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळत राहिला आणि आमच्या साऱ्या आशा प्रत्यक्ष सामन्यांपेक्षा त्या एका दिवसावर येऊन ठेपल्या. संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, म्हणून मराठी चाहत्यांना या संघाविषयी जरा अधिक आपुलकी आहे. आपण कोणत्या निर्णयासाठी किंवा निर्णयाविरुद्ध भांडलात, ते सविस्तर लिहावे. विनंती एवढीच की पुढे काय झाले यावरून नव्हे, तर त्या दिवशी काय ठाऊक होते यावरून आपली बाजू मांडावी.

फॉल्सम, कॅलिफोर्निया

२१ जून २०१८. ब्रुकलिनमध्ये संध्याकाळचे सात म्हणजे आमच्याकडे दुपारचे चार, त्यामुळे कामाच्या ठिकाणीच आम्ही काही जण कँटीनमधल्या टीव्हीसमोर जमलो होतो. निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत आपला संघ सातव्या स्थानावरून दुसऱ्या स्थानावर आला होता आणि लुका डॉन्चिच उपलब्ध असणार, अशी चिन्हे होती. फिनिक्सने पहिल्या क्रमांकावर डिआंड्रे एटनला घेतले, तेव्हा सर्वांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. मग आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर पुन्हा व्यासपीठावर आले आणि त्यांनी मार्विन बॅगलीचे नाव वाचले. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने डोक्यावरची जांभळी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि तो तडक आपल्या जागेवर निघून गेला.

हे पश्चातबुद्धीचे बोल नाहीत. डॉन्चिचने त्याच वर्षी रियल माद्रिदसाठी युरोलीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली होती आणि १९ वर्षांचा असताना तो त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. आदल्या वर्षी स्लोव्हेनियाच्या युरोपियन विजेतेपदातही त्याचा मोठा वाटा होता. प्रौढ, व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध इतके सिद्ध केलेला मुलगा ड्राफ्टमध्ये क्वचितच येतो. आपले तेव्हाचे जनरल मॅनेजर व्लादे दिवाच स्वतः सर्बियाचे, म्हणजे युरोपातल्या खेळाचा दर्जा त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, आणि याचेच मला सर्वांत जास्त वाईट वाटले. डिएरन फॉक्स संघात असताना चेंडू हाताळणारा दुसरा खेळाडू कशाला, हा युक्तिवाद मला त्या दिवशीही पटला नव्हता आणि आजही पटत नाही.

मुंबई

बॅगलीला जितके बोल लावले जातात, तितका तो वाईट खेळाडू नव्हता, हे कोणीतरी सांगायला हवे. पहिल्या हंगामात त्याने सामन्यागणिक सरासरी १४.९ गुण मिळवले आणि नवोदितांच्या पहिल्या सर्वोत्तम संघात त्याची निवड झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळायला आले, तेव्हा मी दुसऱ्या सामन्याला गेलो होतो. सरावात बॅगली रिबाउंडसाठी, म्हणजे बास्केटवरून परतणारा चेंडू पकडण्यासाठी, उडी मारून खाली आला की पाय टेकताक्षणी पुन्हा वर झेपावत असे. ती चपळाई पाहिल्यावर त्याला का निवडले असेल, याची कल्पना येत होती. त्याच महिन्यात हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याच्या हाताच्या अंगठ्याचे हाड मोडले आणि ते वर्ष जवळपास वाया गेले. दुखापतींचा दोष निवडीवर टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

पुणे

फॉल्समकरांचा राग रास्त आहे, परंतु माझ्या मते मूळ चूक ड्राफ्टच्या दिवशी झालेलीच नाही. जुलै २०१५ मध्ये किंग्जने खेळाडूंच्या एकूण पगारमर्यादेत जागा करण्यासाठी फिलाडेल्फियाशी व्यवहार केला. त्यात निक स्टॉस्कससह तीन खेळाडू गेलेच, शिवाय पुढच्या एका ड्राफ्टमधला पहिल्या फेरीतल्या निवडीचा हक्क आणि २०१६ व २०१७ मध्ये क्रमांक अदलाबदल करून घेण्याचा अधिकारही देऊन टाकला. मोकळ्या झालेल्या पैशांत राजॉन राँडो, मार्को बेलिनेली आणि कोस्टा कूफोस आले. संघाने ३३ सामने जिंकले आणि ४९ गमावले.

त्याची किंमत मात्र पुढे अनेक वर्षे चुकवावी लागली. २०१७ च्या लॉटरीत किंग्जचा क्रमांक तिसरा आला, पण फिलाडेल्फियाने आपला पाचवा देऊन तो घेतला आणि मग बॉस्टनला दिला. बॉस्टनने त्यावर जेसन टॅटमला निवडले. आपल्याला फॉक्स मिळाला, आणि तो उत्तम खेळाडू निघाला हे खरे, तरीही निवडण्याची संधी आपल्या हातात राहिली नव्हती, हे विसरता येत नाही. २०१९ चा हक्कही याच व्यवहारात गेलेला असल्यामुळे २०१८ चा दुसरा क्रमांक जपून वापरणे अत्यावश्यक होते.

एल्क ग्रोव्ह, कॅलिफोर्निया

आमच्या घरात सर्वांत मोठा वाद २०२२ मध्ये झाला. चौथ्या क्रमांकावर माझ्या मुलाला पर्ड्यूचा वेगवान जेडन आयव्ही हवा होता, मला आयोवाचा कीगन मरी. फॉक्स आणि डोमांतास साबोनिस यांच्याजवळ चेंडू राहणार, तेव्हा त्यांच्याभोवती उभा राहून लांबून अचूक फेकणारा आणि बचावात उंच खेळाडूंना अडवू शकणारा माणूस हवा, एवढे साधे माझे म्हणणे होते. मरीने पहिल्याच हंगामात २०६ त्रिगुणी बास्केट करून नवोदितांचा विक्रम मोडला, संघाने ४८ सामने जिंकले आणि प्लेऑफची प्रतीक्षा संपली. मुलगा आता मरीचीच जर्सी घालतो.

रोझव्हिल, कॅलिफोर्निया

एल्क ग्रोव्हहून साबोनिसचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. २०२० मध्ये टायरीस हॅलिबर्टन बाराव्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला आणि आपल्याला मिळाला, तेव्हा मित्रांच्या गटात पहिल्यांदाच कोणाची तक्रार नव्हती. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यालाच इंडियाना पेसर्सना देऊन साबोनिस आणला. त्यामुळे ४८ विजय शक्य झाले, हे मान्य. परंतु २०२५ मध्ये हॅलिबर्टनने पेसर्सना अंतिम फेरीपर्यंत नेले, आणि तोवर फॉक्सही सॅन अँटोनियोला गेला होता. त्याच २०२५ मध्ये निक क्लिफर्डला चोविसाव्या क्रमांकावर घेण्यासाठी पुन्हा भविष्यातला पहिल्या फेरीचा हक्क दिला. पुणेकरांचा २०१५ चा आक्षेप इथेही लागू होतो का?

पुणे

तितका नाही. क्लिफर्डसाठी ओक्लाहोमा सिटीला दिलेला हक्क किंग्जचा स्वतःचा नसून फॉक्सच्या मोबदल्यात सॅन अँटोनियोकडून मिळालेला २०२७ चा आहे, आणि तोही पहिल्या १६ क्रमांकांपुरता संरक्षित, म्हणजे त्यांत आल्यास द्यावा न लागणारा, आहे. स्वतःच्या पराभवाचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडण्याची भीती त्यात नाही. क्लिफर्ड महाविद्यालयात पाच वर्षे खेळून आलेला आहे, तेव्हा त्याला लगेच पुरेशी मिनिटे मिळाली, तरच हा व्यवहार योग्य ठरेल.