सरकारी विद्यापीठांच्या फीला कायद्यानं लगाम घालावा का?

शिरोळचा ऊसवाला:
खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांसाठी आपल्याकडं २०१५ चा कायदा आहे. शुल्क नियामक प्राधिकरण खर्चाचे कागद बघतं, आकडा ठरवतं, त्याच्यावर एक रुपया घ्यायचा नाही (कागदावर तरी). मग सरकारी विद्यापीठं जे विनाअनुदानित कोर्स स्वतः चालवतात, त्यांना असा बाहेरचा लगाम का नको? तिथली फी विद्यापीठाच्याच समित्या ठरवतात. म्हणजे डेअरीही त्यांची आणि फॅट लावणारही तेच.

धाकट्या भावाची पावती बघितली. शिक्षण शुल्क एका ओळीत, त्याखाली ग्रंथालय, जिमखाना, विकास, संगणक, परीक्षा, ओळखपत्र. वरची ओळ बांधली की खालच्या फुगतात. म्हणून मला कायदा हवाय तो पावतीच्या शेवटच्या ओळीवर. खर्च बघून कोर्सवार एकूण रक्कम बांधा, आणि पहिल्या वर्षाला जी फी, तीच डिग्री हातात पडेपर्यंत.

तासिकावाला:
बांधा की. फक्त माझं मानधन त्याच फीतून निघतं एवढं ध्यानात ठेवा. कायम जागा रिकाम्या आहेत, तास आमच्यासारखे तासिका तत्त्वावरचे घेतात. विनाअनुदानित विभागात वीजबिल, रसायनं, काचसामान सगळं फीवर. अनुदान न वाढवता फी बांधली तर आधी आमचे तास कमी होणार, मग प्रात्यक्षिकं. आज चौघांत एक ब्युरेट आहे, उद्या आठजणांत. पोरगं स्वस्तात एमएस्सी होईल, टायट्रेशन मात्र लांबून बघून.

राजारामपुरी ८ वी गल्ली:
कमाल दर ठरवला की तोच चालू दर होतो. इंग्लंडमध्ये २०१२ ला कमाल फी ९,००० पौंड केली, तर थोड्याच काळात जवळपास सगळी विद्यापीठं तिथंच जाऊन बसली. आज कमी फीत चालणारे विभागही ‘कायद्यानं एवढी घेता येते’ म्हणून वर चढतील.

शिरोळचा ऊसवाला:
सरसकट एक आकडा म्हणतंय कोण? खर्च बघून कोर्सवार ठरवा म्हणालो, वर वाचा. आणि शाहू महाराजांच्या गावात फीसाठी भांडावं लागतंय हेच...

राजारामपुरी ८ वी गल्ली:
आले, महाराज आले. भावा, १९१७ चा हुकूम सक्तीच्या मोफत शिक्षणाचा खरा, पण प्राथमिक. पुढं शिकणाऱ्यांसाठी त्यांचा भर होता बोर्डिंगांवर, १९०१ पासून. खेड्यातलं पोरगं फीच्या आधी जेवणावर आणि राहण्यावर अडतं हे त्यांनी ओळखलं होतं. तुमचा कायदा त्याला हात तरी लावतो का?

चंदगडची:
मी बोलू? मुलींसाठीच्या २०२४ च्या सरकारी निर्णयानं माझं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. व्यावसायिक कोर्स, उत्पन्न ८ लाखांच्या आत. पण रूम आणि मेसला माफी नाही, आणि चंदगडहून रोज एसटीनं येणं होत नाही.

भावाला राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी फी. ती पण कॉलेजनं (नाव घेत नाही, त्याचं अजून एक वर्ष काढायचंय) आधी पूर्ण भरून घेतली. पप्पांनी काजूचे पैसे व्यापाऱ्याकडून आधीच उचलले, साहजिकच पडत्या दरानं. शिष्यवृत्ती आली पुढच्या हंगामात. त्या दरातला फरक कुठल्या पावतीवर लिहायचा?

शिरोळचा ऊसवाला:
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचा कायदा आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. शिष्यवृत्तीला तेच कलम लावा. सरकारनं पैसे थकवले तर व्याज सरकारनं भरावं, तोवर कॉलेजनं पोराकडं फी मागायची नाही.

तासिकावाला:
१४ दिवसांचा कायदा आहे म्हणून तर दर हंगामात चक्काजाम करता, व्हय?

शिरोळचा ऊसवाला:
करतोय. पण रस्त्यावर बसल्यावर कलम दाखवता येतं. चंदगडच्या पप्पांनी काय दाखवायचं?

तासिकावाला:
ते मान्य. मग त्याच कलमात आमचं मानधनही घाला. आमचं तर वर्षाकाठी येतं.

चंदगडची:
तुमचं चालू द्या. शिवाजी विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’त राहिलेलं कुणी आहे का इथं? धाकटी बहीण बीएस्सी करून येतेय. काम किती तास असतं आणि प्रात्यक्षिकं सांभाळून जमतं का, एवढंच सांगा.