अनुभव धागा : विशेष मुलांच्या पालकांचा ताण

मुलाच्या थेरपीबद्दल आपण तासन्‌तास बोलतो. आपलं कसं चाललंय असं कुणी विचारलंच, तर ‘चाललंय’ म्हणून मोकळे होतो. त्या ‘चाललंय’च्या आतलं इथे लिहा. सल्ले नकोत, तेवढं पाळा. सुरुवात मीच करते. मुलगा ऑटिस्टिक आहे, अपरात्री उठून दार उघडतो. तो झोपला तरी माझे कान कडीकडेच. मावशीकडे राहायला गेला होता, तेव्हाही मी दचकून उठत होते!

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलीची आई : माझा ताण कमरेत आहे. लेक वाढतेय, उचलणारी मी तीच. पँट चढवताना तिचे पाय एकमेकांवर चढून घट्ट बसतात. आधी गुडघे हळूहळू वाकवून सैल करून घ्यावे लागतात. घाई केली की पाय आणखी ताठ. म्हणजे उशीर झालेला असतो नेमकं तेव्हाच सावकाश वागायचं! फिजिओ तिचे व्यायाम बदलून देतात. माझ्या कमरेचं काय, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाचा बाबा : ‘गरोदरपणात काही झालं होतं का?’ हा प्रश्न कायम बायकोला, मला एकदाही नाही. २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते हे १९५९ पासून माहीत आहे. ती का आली याचा आईच्या खाण्यापिण्याशी संबंध नाही. पण नातेवाइकांना कोण समजावणार? हल्ली उत्तर मी देतो. ती उठून आत जाते.

मतिमंदत्व असलेल्या मुलीची आई : निदान होऊन वर्षं लोटली. तरी भाचीचा दहावीचा निकाल लागला आणि पोटात कालवलं. पेढा खाल्ला, हसले, घरी येऊन रडले. समुपदेशक बाईंनी सांगितलं, याला ‘क्रॉनिक सॉरो’, म्हणजे कायम सोबत राहणारं दुःख, म्हणतात. सायमन ओल्शान्स्की या अभ्यासकाने १९६२ मध्येच लिहून ठेवलंय, की हे दुःख अधूनमधून उसळणारच. तो आजार नाही, स्वाभाविक आहे. ‘अजून स्वीकारलं नाहीस का?’ म्हणणाऱ्यांना आता मी उत्तरच देत नाही.

अजून एक आई : विशेष मूल मोठं. धाकट्याला तसं काही नाही, पण तो काही मागतच नाही. सगळे त्याला समंजस म्हणतात. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

ऑटिस्टिक मुलीचा बाबा : धागा काढणाऱ्या ताईंना विचारायचंय. रात्रीचं जागरण आम्ही वाटून घेतलंय, एक रात्र बायकोची, एक माझी. पण पाळी नसली तरी दोघंही जागेच! हे कुणाला जमलंय का? दुसऱ्या खोलीत झोपून फरक पडतो का?