पहिली हँडगन: '.32 म्हणजे खेळणं' म्हणणाऱ्यांना उत्तर

कोल्हापुरी_नेम:
परवाना नुकताच हातात पडलेल्या एकाला परवा सल्ला मिळाला: '.32 म्हणजे खेळणं, 9 मिमीसाठी थांब, रिव्हॉल्व्हर तर घेऊच नकोस.' वाचून संताप आला. 9 मिमी प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तो मिळत नाही, जिल्ह्याच्या साध्या परवान्यावर तर नाहीच. मग त्या माणसाने थांबायचं कशासाठी? घरात ठेवायचं पहिलं हत्यार म्हणून कानपूरचं .32 रिव्हॉल्व्हर घ्यावं. वरून मोडून, म्हणजे बिजागरीवर दुमडून, उघडलं की गोळ्यांची सहाही घरं समोर दिसतात. पिस्तुलाचं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागच्या घरात, एक गोळी राहू शकते, आणि नवख्यांचे अपघात तिथेच होतात.

स्लाइडवाला:
कायदा मान्य. पण कायद्यात बसतं म्हणून .32 पुरेसं होत नाही. 9 मिमीची गोळी साधारण 450 ज्यूल ऊर्जा घेऊन निघते, पिस्तुलाचं .32 एसीपी काडतूस 175, आणि तुमच्या रिव्हॉल्व्हरचं .32 लाँग जेमतेम दीडशे. त्यातल्या त्यात पिस्तूल तरी घ्या. रिव्हॉल्व्हरचा डबल ॲक्शनचा (घोडाही चापानेच मागे खेचायचा) जड चाप ओढताना नवख्याची नळी हलते आणि गोळी खाली जाते.

पंचवीस_मीटर:
दोघेही ज्यूल मोजत बसलात. सराव किती होणार ते विचारा. .22 ला धक्का नगण्य आणि काडतूस स्वस्त, त्यामुळे चाप ओढताना डोळे मिटायची सवय लागत नाही. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण .22 वरच मिळवलं.

स्लाइडवाला:
ताई, स्पर्धेतला कागद अंगावर धावून येत नाही. शिवाय .22 मध्ये पेटवणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत असतो. न उडण्याचं प्रमाण तिथे जास्त.

कोल्हापुरी_नेम:
न उडण्याचाच मुद्दा असेल तर रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात स्लाइड खेचत बसा.

कोरडी_नळी:
थांबा, रेंजवर हा सल्ला घातक आहे. काडतूस उशिरा पेटणारं असेल आणि तुम्ही सिलेंडर फिरवला, तर ते नळीसमोर नसताना फुटेल. नळी लक्ष्याकडे धरून 30 सेकंद थांबायचं, मग उघडायचं. आणि बार फुसका वाजला, धक्का जाणवला नाही, तर पुढची गोळी झाडायचीच नाही. आधीची नळीत अडकलेली असू शकते. रिकामं करून नळीतून गज घालून पाहा.

आता ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते. '.32' या एका नावाखाली दोन काडतुसं विकली जातात. रिव्हॉल्व्हरचं लाँग: केस (काडतुसाचं पितळी कवच) सुमारे 23 मिमी, बहुधा उघडं शिसं. पिस्तुलाचं एसीपी: केस 17 मिमी, बहुधा तांब्याचं आवरण. दुकानदाराने चुकीची पेटी दिली तर एसीपी रिव्हॉल्व्हरच्या घरात बसतंसुद्धा.

स्लाइडवाला:
बसतं तर बिघडलं कुठे? अमेरिकेत .32 मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमधून एसीपी सर्रास झाडतात.

कोरडी_नळी:
साहेब, ती रिव्हॉल्व्हरं जास्त दाबासाठीच घडवलेली. लाँगच्या दाबाची कमाल मर्यादा 15,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), एसीपीची 20,500. वरून मोडणाऱ्या सांगाड्यात हा सगळा ताण बिजागरी आणि खटक्यावर येतो. हळूहळू सांधा सैल होतो. एसीपीच्या बुडाची कड लहान असल्याने रिकामी केस काढतानाही अडकते. हे 'बिघडलं कुठे' म्हणून सोडून देऊ नका, नवखे वाचताहेत.

स्लाइडवाला:
बरं, दाबाचे आकडे बरोबर आहेत. हे रिव्हॉल्व्हरवाल्यांनी सांभाळावं. पिस्तुलात हा घोळच नाही.

पंचवीस_मीटर:
पिस्तुलात दुसरा आहे. एसीपीची कड अर्धी बाहेर असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की भरणं बंद, आणि स्लाइड कितीही खेचा, सुटत नाही. मॅगझिन काढून रिकामंच करावं लागतं. आखूड, पोकळ टोकाच्या गोळीत हे जास्त, कारण तिला पुढेमागे सरकायला जागा मिळते. भरताना प्रत्येक कड खालच्या कडेच्या पुढे आहे ना, बघा.

स्लाइडवाला:
पूर्ण आवरणाची, पुरेशा लांबीची गोळी वापरली तर क्वचित होतं. पण होतं, हे मान्य.

कोल्हापुरी_नेम:
आणि काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात ठेवू नका. कोकणच्या पावसाळ्यात चामड्यातल्या आम्लाने पितळेवर हिरवा थर चढतो. हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा. हत्याराला तेल द्या, काडतुसाला नको. ते बुडातून आत झिरपलं तर दारू पेटवणारी टोपी पेटत नाही.